भाव होता, धान्य नव्हते



पाऊस गेला की धान्याचा भाव वाढतो, आणि भाव वाढला की शेतकऱ्याचे साधते, असा हिशोब शहरातली मंडळी नेहमी मांडतात. आपल्यापैकी ज्यांनी 1972 चा दुष्काळ पाहिला आहे, त्यांना हा हिशोब किती पोकळ आहे ते सांगायला नको. त्या साली ज्वारीला भाव होता, ज्वारी नव्हती. आमच्या घरी रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी होती, आणि खडी फोडायच्या कामावर हजेरीपटात चांगल्या चांगल्या जमीनवाल्यांची नावे लागली होती. भाव वाढला म्हणून त्यांतला कोणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही.

हाच अनुभव 2021 साली सातासमुद्रापलीकडच्या शेतकऱ्यांना आला. हे शेतकरी म्हणजे कॅनडातले. त्यांच्याकडे शेकड्यांनी, हजारांनी एकर जमीन, घराएवढी कंबाईन यंत्रे, पीकविमा, घरबसल्या बाजारभाव, सगळे काही होते. तरीही त्यांतल्या पुष्कळांना त्या वर्षी न पिकलेल्या धान्यापोटी व्यापाऱ्याला उलटे पैसे भरावे लागले. वाचायला चमत्कारिक वाटेल, पण झाले ते असे.

मुलूख कसा आहे

कॅनडाच्या पश्चिम भागात मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टा असे तीन प्रांत शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या दक्षिणेकडच्या सपाट गवताळ मुलखाला प्रेअरी म्हणतात. एके काळी इथे मूळ रहिवासी लोक आणि बायसन नावाच्या रानगव्यांचे कळप होते. 1872 च्या कायद्याने सरकारने ही जमीन 160 एकरांचे तुकडे पाडून, दहा डॉलर फी घेऊन बाहेरून येणाऱ्या वसाहतवाल्यांना वाटली. आज सस्कॅचवानमधले सरासरी शेत सतराशे एकरांच्या वर आहे. आपल्याकडे सतराशे एकरांत एक अख्खे गाव बसते, तिकडे ते एका कुटुंबाचे वहीत असते. पण एवढ्या जमिनीचा हेवा करण्याआधी पाऊस किती ते बघा. कोरड्या दक्षिण पट्ट्यात वर्षाचे पर्जन्यमान साडेतीनशे ते चारशे मिलिमीटर, आणि त्यात हिवाळ्यात पडणारा बर्फही मोजलेला. आपल्या माण-आटपाडीकडे त्याहून थोडा जास्तच पडतो.

मग तिथे गहू पिकतो कसा? एक तर हवा थंड, त्यामुळे ओल लवकर उडत नाही. दुसरे, हिवाळ्याचा बर्फ वितळून जमिनीत मुरतो आणि मे महिन्यात पेरणीला वाफसा मिळतो. तिसरे, वर्षातला बराच पाऊस नेमका जून-जुलैत, पीक वाढीला लागलेले असताना येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात काढणी. त्यानंतर थंडी दाराशी उभीच असते. पेरणी चुकली तर दुसरा हंगाम नाही. आपल्यासारखे खरीप गेले तर रब्बी बघू, ही सोय तिथे नाही. विहीर-बोअरचे बागाईतही जवळजवळ नाहीच. अपवाद दक्षिण अल्बर्टाचा. तिथे कालव्याखाली बिटाचे पीक होते आणि टाबर या गावी बिटापासून साखर करणारा कारखाना आहे. कॅनडात बिटाचा कारखाना तेवढा एकच. असो.

पावसाने ओढ दिली आणि वर ऊन

2020 चा पावसाळा सरता सरता कोरडा गेला होता. पाठोपाठ हिवाळ्यात बर्फ बेताचा पडला. म्हणजे 2021 च्या मे महिन्यात पेरा झाला तो जमिनीच्या पोटात ओल नसताना. जूनच्या सरींवर भरवसा होता. त्या कुठे शिंतोडा कुठे हुलकावणी अशा गेल्या, आणि जूनच्या अखेरीस पश्चिम कॅनडावर उष्ण हवेचे झाकण बसले. डोंगरापलीकडे ब्रिटिश कोलंबियात लिटन या गावी 29 जूनला 49.6 अंशांची नोंद झाली. तोवर कॅनडाचा उच्चांक 45 अंशांचा होता आणि तो प्रेअरीवरच, सस्कॅचवानमध्ये, 5 जुलै 1937 ला नोंदलेला. प्रेअरीवर 2021 ला 49 अंश झाले नाहीत, पण तिशी-पस्तिशीचे ऊन दिवसांमागून दिवस राहिले. आपल्याला 35 अंश म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण तिथल्या पिकाला त्याची सवय नाही, आणि उन्हाळ्यात तिथला दिवस सोळा तासांचा असतो. एरवी रात्र थंड पडते आणि पीक सावरते. त्या जुलैत रात्रीही गार होईनात.

उन्हाने पीक कसे मारले, ते शेतकऱ्याला सांगण्यासारखे आहे. गव्हाला आधी ओल कमी पडली, तेव्हा त्याने फुटवे टाकून दिले. चार फुटव्यांच्या जागी एक-दोन राहिले. मग पीक फुलोऱ्यात असताना ऊन आले, तेव्हा ओंबीतले परागकण निकामी झाले आणि दाण्यांची संख्या घटली. राहिलेला दाणा चिकात असतानाच पाने करपली. भरायला जे दिवस हवेत ते मिळाले नाहीत. निघाला तो बारीक, सुरकुतलेला दाणा. गंमत अशी की अशा दाण्यात प्रथिनांचे प्रमाण जास्त असते, कारण पिठूळपणा भरायला वेळच मिळालेला नसतो. म्हणजे प्रत चांगली आणि पोते रिकामे. आपल्याकडे पाणी तुटलेल्या उसाला कधी कधी उतारा बरा लागतो आणि टनेज बसते, त्यातलाच हा प्रकार.

कॅनोलाची गत आणखी वाईट. कॅनोला म्हणजे मोहरीच्या जातीचे पिवळ्या फुलांचे तेलबी. जुलैत सगळा मुलूख त्याने पिवळाधमक दिसतो. पारा तिशीच्या पुढे गेला आणि रात्री उष्ण राहिल्या की त्याची फुले शेंग न धरताच गळतात. झाड उभे, वर फुले, मध्ये दांड्याला नुसते रिकामे देठ. मसुरीचे झाड मुळात बुटके. ते वितीएवढेच राहिले. शेंगा जमिनीला टेकलेल्या, त्यामुळे कंबाईनचे पाते खाली घालावे तर दगड-माती आत येते, वर धरावे तर शेंगा मागे राहतात. कोरड्या वर्षी नाकतोडे माजतात, ते माजलेच. आणि ऑगस्टच्या शेवटी, सगळे संपल्यावर, पाऊस आला! वाळत आलेल्या कॅनोलाला त्या पावसाने नवी फूट येऊन पुन्हा फुले आली, आणि एकाच झाडावर पिकलेली शेंग आणि हिरवी शेंग बघत शेतकरी उभा राहिला. काढावे तर ओले दाणे येतात, थांबावे तर पिकलेले गळतात. न यायच्या वेळी आलेल्या पावसाला काय म्हणावे, ते प्रत्येकाने आपापल्या बोलीत म्हणावे.

देशाचा आकडा असा : 2020 साली कॅनडात सुमारे साडेतीन कोटी टन गहू झाला होता, 2021 ला सव्वादोन कोटी टनांच्या आसपास. वाटाणा अर्ध्यावर आला. मसूर 28 लाख टनांवरून 16 लाखांवर. कॅनोलाचे बाजार इतके चढले की वर्ष सरताना टनाला हजार कॅनेडियन डॉलरची रेषा ओलांडली गेली.

मसुरीचा आकडा आपल्याला जवळचा आहे. आपला देश परदेशातून जी मसूर घेतो, तिच्यात सस्कॅचवानचा वाटा मोठा आहे. 2021 च्या जुलैत केंद्र सरकारने मसुरीवरचे आयात शुल्क उतरवले. कराड-इस्लामपूरच्या ढाब्यावर अख्खा मसूर मागवताना तो कुठल्या शेतातला आहे हे कोणी विचारत नाही, आणि तो तिकडचाच असेल असेही नाही. पण बाजारात सगळी मसूर एकाच तराजूला लागते.

न पिकलेल्या धान्याचे बिल

आता मूळ मुद्दा. भाव दीडपट-दुप्पट झाले, मग ज्याचे पीक निम्मे आले त्याचे तरी भागायला हवे होते. का भागले नाही?

तिकडे पुष्कळ शेतकरी पेरणीच्या आधी किंवा पीक उभे असतानाच काही भाग विकून टाकतात. धान्य कंपनीशी करार होतो : अमुक महिन्यात अमुक टन, अमुक भावाने आणून घालीन. यात वावगे काही नाही. बी, खत, डिझेल, यंत्राचा हप्ता डोक्यावर असतो. सुगीत सगळ्यांचे धान्य एकदम येऊन भाव पडतो. मग वसंतात बरा भाव दिसला की थोडे बांधून ठेवणे शहाणपणाचेच. 2021 च्या वसंतात भाव गेल्या कित्येक वर्षांपेक्षा चांगले होते. त्यामुळे सावध माणसानेही नेहमीपेक्षा थोडे जास्तच बांधले.

समजा, एकाने शंभर टन कॅनोला सहाशे डॉलरने बांधला. पीक आले साठ टन. बाजार नऊशेवर. करार टनांचा आहे, एकरांचा नाही. म्हणजे शेतात काय पिकले याच्याशी कराराला देणेघेणे नाही. साठ टन त्याने जुन्या भावाने घातले, मिळाले छत्तीस हजार डॉलर. उरलेले चाळीस टन तो आणणार कुठून? मग दर टनामागे बाजारभाव आणि करारभाव यांतला फरक, तीनशे डॉलर, त्याने भरायचा. झाले बारा हजार. वर कंपनीची हाताळणी फी. हातात चोवीस हजारही धड नाहीत. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याने काहीच बांधले नव्हते. त्याचेही साठ टनच. त्याला नऊशेने चोपन्न हजार मिळाले. एकच ऊन, एकच पीक. दूरदृष्टीचा माणूस मात्र बुडाला आणि आळशी तरला. (हे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत, प्रत्यक्षात प्रत्येकाचे वेगळे होते.)

शेतकरी संघटनांनी कंपन्यांना साकडे घातले की फी माफ करा, कराराचे धान्य पुढच्या वर्षी घ्या. काही ठिकाणी तडजोड झाली, काही ठिकाणी पैसे मोजावे लागले. कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. तिने शेतकऱ्याकडून घेतलेला माल लगेच वायद्यात किंवा परदेशी गिऱ्हाइकाला विकून ठेवलेला असतो. तो तिला चढ्या भावाने भरून द्यावा लागतो. हे खरे. पण फरकाची रक्कम वेगळी आणि वर लावलेली फी वेगळी, एवढे आमच्यासारख्या अडाण्यालाही कळते. काही करारांत दैवी आपत्तीचे कलम असते, पुष्कळांत नसते, आणि बारीक अक्षर वाचायला मे महिन्यात कोणाला सवड असते? विमा होता, पण तो पिकाच्या तुटीचा होता. कराराच्या फरकाचे ओझे त्यातून पुरते उतरले नाही.

तिकडचा सहकार

इथे आपल्या सभासदांना एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. शंभर वर्षांपूर्वी याच मुलखात शेतकऱ्यांनी सहकारी ‘व्हीट पूल’ उभारले. अल्बर्टाचा 1923 ला, सस्कॅचवान आणि मॅनिटोबाचे 1924 ला. सभासदाने पाच वर्षांचा करार करायचा की माझा सगळा गहू पूललाच घालीन. किती टन ते नाही. जो पिकेल तो सगळा. गहू घातला की पहिला हप्ता मिळायचा, मग विक्री होईल तसे पुढचे हप्ते, आणि शेवटी अंतिम हिशोब. पहिली उचल, दुसरा हप्ता आणि अंतिम दर! आपल्या वार्षिक सभेला ते शेतकरी येऊन बसले असते तर त्यांना काही परके वाटले नसते.

पण पूलही संकटातून सुटला नाही. 1929 च्या पिकाला पूलने बुशेलमागे एक डॉलर पहिली उचल दिली. बुशेल म्हणजे गव्हाचे सव्वासत्तावीस किलोंचे माप. मग जगाचा बाजार कोसळला आणि 1932 च्या अखेरीस भाव चाळीस सेंटच्याही खाली गेला. दिलेली उचल विक्रीतून वसूल होईना. प्रांत सरकारे बँकांना जामीन राहिली म्हणून पूल वाचले, आणि ते कर्ज त्यांनी पुढे कित्येक वर्षे फेडले. 1935 ला सरकारी गहू मंडळ आले. सस्कॅचवानचा पूल 1996 ला शेअर बाजारात उतरला, 2007 ला दुसरी कंपनी घेऊन त्याने व्हिटेरा असे नाव धारण केले, आणि 2012 ला तो ग्लेनकोर या परदेशी कंपनीने विकत घेतला. त्याच 2012 मध्ये गहू मंडळाचा एकाधिकारही संपला. कॅनोला आणि मसूर मंडळाच्या कक्षेत कधी नव्हतेच, तेव्हा 2021 चा सगळा दोष त्यावर घालता येणार नाही. पण ज्या कोठारात बापाने सभासद म्हणून गहू घातला, तिथे मुलगा निव्वळ माल घालणारा म्हणून उभा होता, आणि फी माफ करा म्हणायला त्याच्याकडे सभासदाचे मत नव्हते.

1937 आणि 2021

हा मुलूख कोरडा आहे ही काही नवी बातमी नव्हती. 1857 ते 1860 मध्ये जॉन पॅलिसर यांनी हा प्रदेश पालथा घातला आणि दक्षिणेकडचा एक मोठा त्रिकोण शेतीला नालायक ठरवला. वीसेक वर्षांनी जॉन मॅकून हे वनस्पतिशास्त्रज्ञ ओल्या वर्षांत तिथे हिंडले आणि त्यांनी सगळे उत्तम आहे असे सांगितले. सरकारला वसाहती हव्या होत्या; त्याने मॅकून यांचे ऐकले. पाहणारा कुठल्या साली गेला यावर जमिनीची प्रत ठरली!

तीसच्या दशकात पॅलिसर यांचे म्हणणे पटले. त्या काळी जाणकारांचा सल्ला असा, की एक वर्षाआड जमीन पड ठेवा आणि वरची माती पाळ्या घालून पिठासारखी भुसभुशीत राखा, म्हणजे ओल उडणार नाही. ओल थोडी राहिली. पण वाऱ्याने मातीच उडाली. दुपारी दिवे लावावे लागत. 1937 ला सस्कॅचवानमध्ये गव्हाची सरासरी एकरी तीन बुशेलही भरली नाही. म्हणजे पाऊण क्विंटल. त्यातले बी वजा केले तर काय उरले? पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून लोकांनी मोटारींची इंजिने काढली आणि त्यांना घोडे जुंपले. पंतप्रधान बेनेट यांच्या नावावरून त्या गाड्यांना ‘बेनेट बग्गी’ म्हणत. पूर्वेकडच्या प्रांतांनी रेल्वेने सफरचंदे पाठवली, घेवडा पाठवला, आणि सुकवलेला खारा मासा पाठवला. गव्हाच्या मुलखातल्या बायकांना तो शिजवायचा कसा हेच ठाऊक नव्हते. आपल्या आया-आज्यांनी मिलोच्या पिठाकडे ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने त्यांनी त्या माशाकडे पाहिले असणार.

त्या मारानंतर रीत बदलली. अल्बर्टाच्या चार्ल्स नोबल यांनी तीसच्या दशकातच एक अवजार काढले : जमिनीखालून आडवे पाते जाते, तणाची मुळे कापते आणि धसकट वर तसेच राहते. आपल्या कुळवाची फास डोळ्यापुढे आणा, म्हणजे कळेल. 1935 ला केंद्र सरकारने प्रेअरीसाठी खास खाते उघडले. त्याच्या मदतीने हजारो शेततळी निघाली. ऐंशी-नव्वदच्या दशकापासून बहुतेकांनी नांगर सोडून धसकटातच पेरणी सुरू केली. उभे धसकट वाऱ्यात बर्फ अडवते, बर्फाचे पाणी जागेवर मुरते. आपल्याकडे पाचट न जाळता सरीत ठेवावे म्हणून शेतकी विभाग सांगत असतो, त्यातले इंगित हेच. पड जमिनीच्या जागी मसूर-वाटाणा आला. सस्कॅचवान विद्यापीठाच्या अल स्लिंकार्ड यांची ‘लेअर्ड’ ही मसुरीची जात 1978 ची. म्हणजे आपल्या आमटीतली तिकडची मसूर ही एका अर्थी त्या धुळीच्या वर्षांची देणगी.

म्हणून 2021 ला उन्हाचा उच्चांक झाला तरी 1937 झाले नाही. माती जागेवर राहिली, आणि निम्मे का होईना, पीक आले. 2022 ला देशाचा गहू पुन्हा साडेतीन कोटी टनांच्या जवळ गेला. पण देशाचा आकडा सावरला म्हणजे प्रत्येक बांध सावरला असे नव्हे. दक्षिण अल्बर्टा आणि पश्चिम सस्कॅचवानच्या काही भागांत 2023 लाही पावसाने दगा दिला.

सर्वांत हाल झाले ते जनावरांचे. शेततळी आटली, उरलेल्या पाण्यात क्षार वाढले, शेवाळ धरले. गवत मिळेना. विमा मंडळाने सस्कॅचवानमध्ये नियम सैल करून फसलेले धान्यपीक वैरणीसाठी कापायला मुभा दिली, आणि केंद्राने पशुपालकांसाठी पन्नास कोटी डॉलरपर्यंतची तरतूद केली. तरी अनेकांनी वर्षानुवर्षे जोपासलेल्या गाई बाजार दाखवल्या. 2018-19 च्या उन्हाळ्यात आपल्या छावण्यांत जे दावणीला उभे राहिले, त्यांना ती पाळी ठाऊक आहे.

वैरणीचा एक व्यवहार मात्र तिथे कुठल्याही करारावाचून चालतो. 2002 च्या दुष्काळात पूर्वेकडच्या ऑन्टॅरिओच्या शेतकऱ्यांनी गवताचे गठ्ठे रेल्वेने हजारो किलोमीटर पश्चिमेला, प्रेअरीवर पाठवले. 2012 ला ऑन्टॅरिओत पाऊस गेला, तेव्हा प्रेअरीवाल्यांनी गवत पूर्वेला धाडले. आणि 2021 ला गठ्ठे भरलेल्या गाड्या पुन्हा पश्चिमेकडे निघाल्या.